कुट्टीच्या शेडातला हुकूम

मार्तंडरावांना त्या दुपारचं सगळं आठवतं, फक्त क्रम आठवत नाही. आधी काय झालं आणि मग काय, असं कुणी विचारलं की ते चाचरतात. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेला, तुळजापूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलेला माणूस. पण स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरलेला नाही. तेव्हा एखादा सांधा सैल वाटला तर तसाच राहू द्यावा.

निवृत्तीनंतर त्यांना बिनतारी यंत्रांचा नाद लागला. इथे बटण दाबायचं आणि कोसभर लांब काहीतरी सुरू व्हायचं, याचं त्यांना भारी अप्रूप. ढोकीजवळचे बागायतदार आण्णासाहेब त्यांच्या ओळखीचे. त्यांचं शेड घरापासून सहाशे पावलांवर आणि विजेचा काही नेम नाही. "सर, घरच्या ओट्यावरनं मोटर चालू व्हाया पायजे, एवढं करा," असं ते म्हणाले. आणि चैत्रातल्या एका सकाळी मार्तंडराव दोन डबे पिशवीत घालून एसटीनं निघाले.

शेडात गेल्यावर त्यांना पहिली गोष्ट खटकली. स्टार्टर एकच होता. खटका वर केला की विहिरीची मोटर, खाली केला की कडबा बारीक करणारं कुट्टीयंत्र, मधोमध ठेवला की दोन्ही बंद.

"आण्णासाहेब, खटका चुकून खाली राहिला आणि तुम्ही घरून बटण दाबलंत, तर?"

"तर कुट्टी फिरंल. फिरू द्या की, रिकामीच असती." आण्णासाहेब मोठ्यानं हसले. "सर, तुमी लगीन तरी कसं केलं हो? तवा बी तीनदा तपासून बघितलं असंल!"

मार्तंडराव कसनुसं हसले. त्यांनी एक डबा स्टार्टरला जोडला. त्याला स्वतःची बॅटरी होती आणि बोटभर पडदा. पडद्यावर हुकूम उमटायचा, आणि तो किती लांबून आला त्याचा आकडा. आकडा पावलांचा नव्हे, लहर वाटेत किती क्षीण झाली त्याचा; जवळून आला तर लहान. घरच्या ओट्यावरून दुसऱ्या डब्याचं बटण दाबलं तेव्हा विहिरीची मोटर घुमली. परत येऊन पाहतात तर पडद्यावर 'चालू, ९६'. सगळं चोख.

बारा वाजून गेले होते. पत्रे तापून कडकड वाजत होते. आत कडब्याची गोडसर धूळ होती आणि तिच्याखाली आणखी एक वास, गंजल्या लोखंडासारखा. आण्णासाहेबांची बायको कडूबाई चहा घेऊन आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"सर, चहा घ्या आन् चला घरी. या वक्ताला हितं कुणी थांबत न्हाय."

"का बरं?"

"शिवशरण हितंच..."

"गप ए!" आण्णासाहेब खेकसले. मग मार्तंडरावांकडे वळून म्हणाले, "आमचा सालगडी हुता, सर. अकरा वर्सं झाली. पिऊन आला आन् मशिनीत हात घातला. दोनी हात गेले, मानूस बी गेला. बायकांचं काय, त्या भाकरी ठिवत्यात उंबऱ्यावर."

तेवढ्यात स्टार्टरवरचा डबा वाजला. टक्क.

बटणाचा डबा मार्तंडरावांच्या खिशात होता. मोटर बंद करून खटका मधोमध ठेवला होता, म्हणून फिरलं काहीच नाही. ते पडद्याजवळ गेले. 'चालू, ८.'

आठ म्हणजे हातभर अंतर. हुकूम आला तेव्हा ते स्टार्टरपासून चांगले दहा-बारा पावलं लांब उभे होते.

"काय झालं, सर? घाम फुटला की."

"हुकूम आला. पण मी दिला नाही. कुणीतरी इथं... अगदी इथं उभं राहून..."

"डबा तुमच्यावानीच भित्रा निघाला, दुसरं काय?" आण्णासाहेबांनी खटका खाली ओढला. "आता कुट्टी चालवून दावा. कालचा कडबा तोंडात अडकलाय, तेवढा काढतो."

"थांबा, मेन पाडू आधी."

"मेनचं हँडल जाम झालंय. लाकडानं हाणावं लागतंय. तुमच्या त्या बटणातली बॅटरी काढा की, झालं!"

मार्तंडरावांनी बॅटरी काढली. तळहातावर ठेवून दाखवली. आणि ते वाक्य बोलले, जे पुढे त्यांना रोज ऐकू येत राहिलं: "आता सुरू होऊच शकत नाही."

आण्णासाहेबांनी उजवा हात यंत्राच्या तोंडात कोपरापर्यंत घातला.

टक्क.

चाक हळूहळू नाही, एकदम फिरलं. आधी कडबा कापल्याचा कोरडा आवाज आला, मग ओला. आण्णासाहेब ओरडले नाहीत. त्यांचं तोंड नुसतंच उघडं राहिलं. पलीकडच्या झरोक्यातून बारीक कुट्टी उडत होती, ती लाल होती. मार्तंडरावांच्या चष्म्यावर आणि गालावर काहीतरी गरम उडालं. आण्णासाहेबांनी पाय रोवले, डावा हात मागं रेटून धरला. आणि तो डावा हात यंत्राकडे जाऊ लागला. स्वतःहून कोण घालील? मनगटावर चार बोटांचे पांढरे वळ उठले होते, दाबल्यावर उठतात तसे. ते बोटाबोटानं रुतत होते. हात तसूतसूनं आत गेला. तेव्हा मात्र ते ओरडले.

"शिवशरण... सोड रं... सोड..."

मार्तंडरावांनी लाकूड उचललं. हँडलवर एक घाव, दुसरा, तिसरा. हँडल खाली पडलं. चाक फिरतच होतं. जड चाकाला जडत्व असतं, ते लगेच थांबत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे त्याच क्षणी सांगितलं की नंतर, ते आठवत नाही. दुसरा हात खांद्यापर्यंत संपला आणि चाक थांबलं. पडद्यावर होतं, 'चालू, ०.'

धाराशिवच्या रस्त्यावर, जीपमध्येच, आण्णासाहेब गेले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मार्तंडराव हात जोडून कडूबाईसमोर उभे राहिले. "वहिनी, माझं यंत्र... माझ्याच चुकीनं..."

कडूबाई रडत नव्हती. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"शिवशरण पिलेला नव्हता, सर. उलटून बोलला हुता, चार मानसांत. त्यो कडबा लावत हुता, आन् ह्यांनी बटन दाबलं. म्या उंबऱ्यात हुते. तुमी कुणाला बोलू नका. म्या बी बोलले न्हाय."

पोलिसांच्या कागदावर कारण लागलं ते यंत्रातल्या बिघाडाचं. मार्तंडरावांनी टेबल आवरलं, सोल्डरिंगची सळई देऊन टाकली. कडूबाईनं सांगितलेलं खरं मानावं तर आपण सुटतो. पण सुटण्यासाठी भुतावर विश्वास ठेवणारा शास्त्रज्ञ म्हणजे काय, हे त्यांना टोचत राही. ते रात्रंदिवस आपल्याच यंत्राच्या विद्युतमंडलात चूक शोधत राहिले. चूक सापडली असती तर झोप तरी लागली असती.

सात वर्षांनी, बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत, शेजारच्या बाकावर हणमंतप्पा नावाचे निवृत्त वायरमन बसले होते. ढोकीकडचे. बोलता बोलता त्या दुपारचा विषय निघाला आणि ते म्हणाले, "असं कसं हुईल, सर? त्या दिवशी म्याच..." मार्तंडरावांचा विश्वास बसेना. माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यांनी उपकेंद्राच्या नोंदवहीची नक्कल मागवली. दीड महिन्यानं ती आली. नोंद स्पष्ट होती: त्या दिवशी अकरा पन्नास ते एक दहा, तार बदलण्यासाठी त्या लाइनचा पुरवठा बंद. शेडाला वीज देणाऱ्या त्याच तारांवर, दोन्ही उघडे हात टाकून, हणमंतप्पा तेवढा सगळा वेळ खांबावर बसले होते.