अंगठा उचल, नोला

साल १९७९. जानेवारीचा दुसरा आठवडा. गुरुवार, दुपारचे पावणेबारा.

ही वेळ माझ्याकडून चुकणार नाही. माझी थोरली बहीण नोला हिने ती मला इतक्या वेळा सांगितली, आणि दर वेळी एकसारखीच, की आता ती माझीच आठवण होऊन बसली आहे. असल्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. ही भर उन्हातली आहे. नोलाला खोटं बोलता यायचं नाही, तिचे कान लाल व्हायचे. मी तिच्या कानांकडे बघतच हे सगळं ऐकलं आहे.

आमचं गाव टॅलबारा. ऑस्ट्रेलियात, पश्चिम क्वीन्सलंडमध्ये, लाल मातीत. आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. नोलाचा नवरा मर्व्ह आठवड्यातून दोनदा लांबलांबच्या गुरांच्या फार्मांवर टपाल पोचवायचा. जाऊन येऊन दोनशे मैल. आदल्याच डिसेंबरात तो घोड्यावरून पडला आणि थेट टाउन्सव्हिलच्या इस्पितळात प्लास्टरमध्ये गेला.

नोला म्हणाली, तू उठेपर्यंत टपाल मी नेते.

मर्व्हने एकच अट घातली. आधी गाडीत सीबी रेडिओ बसव. रस्त्यावरचे सगळे एकाच वाहिनीवर एकमेकांशी बोलतात, तो.

त्याला कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर डल्सी ब्रांट गेली होती. डल्सी म्हणजे आमच्या शाळामास्तरांची बायको, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. गाडी बंद पडली आणि ती चालत निघाली. चार मैलांवर सापडली... उन्हाने व्हायचं ते झालं होतं. तिच्या गाडीत रेडिओ होता म्हणे, पण तो चालला नसावा, असं गावात बोलत.

नोलाने आयुष्यात रेडिओच्या माइकला हात लावला नव्हता. ती क्लॅरीच्या दुकानात गेली. क्लॅरी साठीचा, विजेची सगळी कामं करणारा, तोंडात कायम विझलेला पाइप. त्याने एक मोठा थोरला सेट काढून ठेवला.

"हा लांबचं पकडतो," तो म्हणाला. "पण हे गोल बटण केसभर हललं, की समोरचा माणूस बदकासारखा बोलायला लागतो. जमेल तुला?"

"मला बदकं नकोत, क्लॅरी. माणसं हवीत."

साधा सेट हवा तर दोन आठवडे थांबावं लागणार होतं. आणि टपाल गुरुवारी निघायचं होतं.

तेवढ्यात तिला काउंटरखाली एक करड्या रंगाचा जुना सेट दिसला. मोजून दोन बटणं. माइकची वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"तो विकायचा नाही," क्लॅरी म्हणाला.

"चालतो का?"

क्लॅरीने विझलेला पाइप तोंडातून काढला, पुन्हा ठेवला.

"चालतो."

नोलाने माइक हातात घेतला. बटण मऊ होतं, रुळलेलं. अंगठा आपोआप त्यावर जाऊन बसला. माइकभोवती एक बारीक चिकट रेघ होती... रबरबँड उन्हात वितळून राहतो तशी. तिने नखाने खरवडून पाहिली. निघाली नाही.

नवशिक्या माणसाला सोपं तेच बरं वाटतं. नोला हटून बसली आणि क्लॅरीने शेवटी तो सेट तिच्या पिकअपमध्ये बसवून दिला. मग तिला समोर उभं करून शिकवलं.

दाबायचं, मग बोलायचं. सोडायचं, मग ऐकायचं. लाल दिवा लागला म्हणजे तू बोलतेयस. दिवा लागलेला असताना सेटमधून आवाज येतच नाही, समोरचा कितीही ओरडो. दिवा विझला की मगच ऐकू येणार. हे त्याने तिच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं.

"परीक्षा आहे की काय?" नोला हसली.

क्लॅरी हसला नाही.

"अंगठा उचल, नोला. बोलून झालं की अंगठा उचल. विसरू नकोस."

पहिली फेरी सुरळीत झाली. निदान तिला तसं वाटलं.

संध्याकाळी पेट्रोल पंपावर होरी लिंडक्विस्ट भेटला. गुरांचा ट्रक चालवायचा, धिप्पाड, तोंडाचा फटकळ.

"काय अंगठेबहाद्दर," तो म्हणाला, "बटण दाबून झोपली होतीस का? अर्धा तास कुणाला तोंड उघडता आलं नाही. सगळ्या रस्त्याने नुसता तुझा श्वास ऐकला."

नोलाने सांगितलं, मी माइकला हातसुद्धा लावला नाही.

"आणि वर गुणगुणत होतीस. छान लागतो गं तुझा गळा."



आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नोलाला सूर लागत नाही. दोन ओळी गुणगुणली तरी कुत्रं उठून बाहेर जायचं. त्यामुळे ती कधी गुणगुणतच नसे.

पुढच्या फेरीला, सोमवारी, तिने माइक हुकला अडकवला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कोरडा नाला ओलांडला. पुढे सरळ, सपाट रस्ता. झाड नाही, सावली नाही.

आणि लाल दिवा लागला.

माइक हुकावरच होता. हलत होता, गाडीबरोबर. पण बटण...

बटण आत दबलेलं होतं.

पुढच्या फार्मच्या फाटकापाशी दिवा आपसूक विझला. नोलाने मनाशी म्हटलं, स्प्रिंग सैल असेल. गावात परतल्यावर तिने क्लॅरीला सेट दाखवला. त्याने माइक उघडला, स्प्रिंग दाबून पाहिली. स्प्रिंग ठणठणीत होती. त्याचा चेहरा मात्र उतरला.

"शुक्रवारी नवा माल येतोय. हा मला परत दे," एवढंच तो म्हणाला.

मध्ये गुरुवारची एक फेरी उरली होती.

त्या गुरुवारी पावणेबाराला, कोरड्या नाल्याच्या पुढे सात मैलांवर, गाडीचा फॅनबेल्ट तुटला. जादा बेल्ट पेटीत होता, पण तो भलत्याच मापाचा निघाला. इंजिनातून वाफ. नोलाने गाडी बंद केली.

सगळं शांत झालं. माशासुद्धा नव्हत्या.

ती घाबरली नाही. पाणी होतं, खारवलेल्या मांसाचं सँडविच होतं, रेडिओ होता. तिने माइक घेतला, आपण कुठे आहोत ते नीट सांगितलं आणि अंगठा उचलला.

दिवा विझला नाही.

अंगठा वर होता... बटण आतच.

तिने माइक हातावर आपटला. बटणाच्या कडेला नख घालून ओढलं. नख तुटलं. सेट बंद करून चालू केला. दिवा पुन्हा लाल.

ती बोलत राहिली. कुणापर्यंत काही पोचतंय का, ते कळायला मार्ग नव्हता. एक तास गेला. पत्रा इतका तापला की दाराला हात लागेना. दूर पवनचक्की दिसत होती. खाली गुरांची टाकी असणार, टाकीत पाणी असणार. तापलेल्या हवेत ती कधी लांब दिसे, कधी अगदी मैलभरावर.

आमच्याकडे पोर बोलायला लागलं की पहिलं हेच शिकतं. गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही.

नोलालाही ते माहीत होतं. पण दीड तास एकटंच बोलत राहिलं, की आपलं कुणी ऐकत नाही हे हळूहळू पटायला लागतं. तिने टोपी घातली. पाण्याचा कॅन उचलला. माइक सीटवर टाकला आणि निघाली.

दहा पावलं. फार तर बारा.

मागून आवाज आला...

"कोणी ऐकतंय का?"

बाईचा आवाज. कोरडा, पण सभ्य. दुकानात काउंटरवर कुणी नसलं की विचारतात तसा.

नोला वळली. आवाज सेटमधून येत होता. आणि सेटवर लाल दिवा लागलेला होता.

दिवा लागलेला असताना सेटमधून आवाज येत नाही. तिने दहा वेळा घोकलं होतं.

"कोणी ऐकतंय का?"

मग थोडं गुणगुणणं. रविवारचं, चर्चमधलं. एकही सूर न चुकता.

"कोणी ऐकतंय का?... बरं. मग मी चालत निघते."

आणि पिकअपचं पलीकडचं दार, ज्याला नोलाने हातही लावला नव्हता, ते खट्कन उघडलं.

नोला मला म्हणायची, भीती नंतर वाटली. त्या क्षणी आधी आठवली ती माइकवरची चिकट रेघ. अंगठा दुखायला लागला असेल. आपला आवाज सतत जात राहावा म्हणून बाईने बटणावर रबरबँड चढवला असेल. आणि मग ऐकणार कशी?

ती धावत गेली. माइक दोन्ही हातांत धरला.

"डल्सी," ती म्हणाली, "निघू नकोस गं. ते ऐकतायत. अंगठा उचल."

काहीच नाही.

"अंगठा उचल, डल्सी."

पलीकडचं दार अर्धवट उघडं, हलत नव्हतं. सीटवरची धूळ तेवढी हळूच खाली बसली... कुणी परत येऊन टेकावं तशी.

दिवा विझला.

आणि सेटमधून होरीचा आवाज फुटला. घसा बसलेला, रडवेला.

"गाडी सोडू नकोस. नोला, गाडी सोडू नकोस. येतोय मी, येतोय. गाडी सोडू नकोस."

दीड तास तो तेच म्हणत होता.

तो पोचला तेव्हा तीन वाजत आले होते. त्याने नोलाला ट्रकमध्ये बसवलं, चहा दिला. मग तिच्याकडे न बघता विचारलं,

"तुझ्याबरोबर ती दुसरी कोण होती?"

नोलाने त्यालाच उलट विचारलं, तू काय ऐकलंस.

"जे मागच्या उन्हाळ्यात ऐकलं तेच," होरी म्हणाला. डल्सी तीन तास बोलत होती. तो, आणखी दोन ट्रकवाले, पोलीस, सगळे तिला सांगत होते की आलोच. तिच्यापर्यंत एक शब्द पोचला नाही. ते गाडीपाशी आले तेव्हा गाडी रिकामी होती आणि माइकवर रबरबँड होता. त्यांनी ही गोष्ट मास्तरांना कधी कळू दिली नाही.

त्या संध्याकाळी नोला सेट घेऊन क्लॅरीकडे गेली. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. बातमी पोचली होती.

"तिलाही मीच शिकवलं, याच सेटवर," तो म्हणाला. "दाबून बोलायचं, हे सांगितलं ते आठवतं. सोडायचं हे सांगितलं का... ते आठवत नाही, नोला. रोज आठवून बघतो."

क्लॅरीने त्या वर्षी दुकान बंद केलं. पुढे भावाकडे ब्रिस्बेनला गेला आणि तिथेच वारला. होरीने गुरांचा ट्रक सोडला, किनाऱ्याकडे ऊस वाहू लागला. तिकडे रस्ताभर माणसं असतात म्हणायचा. मास्तरांची बदली झाली. मर्व्ह बरा झाला, पण वाकून चालायचा, म्हणून टपाल नोलानेच नेलं, एकोणीस वर्षं. नव्या सेटवर. बोलून झालं की अंगठा उचलून हवेत धरायची. सगळे हसत.

जुना सेट तिने टाकला नाही. वायर कापून कपाटात ठेवला. डल्सीचा आवाज त्या रस्त्यावर पुन्हा कुणी ऐकला नाही.

मर्व्हनंतर नोला एकटीच राहायची. २०११च्या जानेवारीत ती स्वयंपाकघरात पडली. दोन दिवसांनी शेजारणीने दार उघडलं. फोनचा रिसीव्हर तिच्या हातात होता. मला लावला होता की काय, कोण जाणे. त्या आठवड्यात मी घरी नव्हते.

तिच्या सामानातून तो करडा सेट माझ्याकडे आला. बैठकीतल्या फडताळावर आहे. त्याला वीज नाही, वायर नाही, एरियल नाही.

गेल्या महिन्यात सकाळी धूळ पुसायला गेले.

बटण आत होतं. दिवा लाल.

आणि आतून कुणीतरी गुणगुणत होतं... प्रत्येक सूर चुकवत.

मी खुर्ची ओढली, जवळ बसले. म्हटलं, "ऐकतेय गं, नोला. अंगठा उचल."

दुपारपर्यंत म्हणत होते.

बटण अजून आतच आहे.