तीन नंबरची खाट

दुपारी चार वाजता सिस्टर जुन्या बाळंतपणाच्या वॉर्डात शिरल्या, त्या फक्त प्रसूतीचा तक्ता पुरा करायला. नवा वॉर्ड भरला म्हणून डॉक्टरसाहेबांनी एका पहिलटकरणीला इथं, तीन नंबरच्या खाटेवर आणून टाकलं होतं. दोन इमारतींना मिळून एकच नर्स! मग दुपारी दोनची तपासणी राहिली तर कागदावर अंदाजाने फुली मारायची. सगळीकडे हेच चालतं, आणि कुणाला लाज वाटत नाही.

बंद खिडक्यांचा अंधार, फिनेलचा जुना वास... सिस्टरांना त्यांना शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर आठवल्या. पेन्सिल जिभेवर ओली करून त्या हिरवी फुली काढायच्या. "हात पोटावर, डोळा घड्याळावर, पोरी! फुली तिरक्या रेघेच्या उजवीकडे गेली की बाई अडली म्हणून समज. मग साहेबांना ताटावरून उठवायचं." किती माया होती त्या दटावण्यात!

वीस वर्षांपूर्वी याच खाटेवर एक बाई अडली. साहेब उठले नाहीत. संध्याकाळी सहाला ती पोटातल्या बाळासकट गेली. मग साहेबांच्या सांगण्यावरून तक्त्यावर रेघेच्या डावीकडे सुबक, खोट्या फुल्या काढल्या, त्या याच हातांनी. मोठ्या सिस्टर त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सिस्टरांनी पेन उघडलं. दोनच्या रकान्यात फुली होती. हिरवी. रेघेच्या उजवीकडे.

"कोण आलं होतं गं?"

"त्या म्हाताऱ्या सिस्टर..." पहिलटकरीण कण्हली. "हात गारठलेला होता हो... म्हणाल्या, पोरीला सांग, या खेपेला खरं लिही..."

सिस्टरांनी तपासलं. सकाळपासून काही पुढे सरकलं नव्हतं. बाळाचे ठोके मंदावले होते. त्यांनी फोन उचलला.

"साहेब चहा घेतायत," पलीकडून वॉर्डबॉय म्हणाला.

"मग कप काढून घे हातातला! बाई अडलीय!"

स्ट्रेचर गेलं, सोबत तक्ताही गेला. सिस्टरांनी खाटेची चादर बदलली, पायथ्याशी कोरा तक्ता अडकवला. साडेपाचला निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्या स्टुलावर बसून रडल्या. मोठ्या सिस्टर असत्या तर आज नक्की बोलल्या असत्या.

सहाचे ठोके पडले.

कोऱ्या तक्त्यावर, सहाच्या रकान्यात, हिरवी फुली होती. सिस्टरांनी बोट लावलं. ओली.

रिकाम्या खाटेच्या स्प्रिंगा कुरकुरल्या... थांबल्या... पुन्हा कुरकुरल्या.

सिस्टरांनी सवयीने घड्याळ पाहिलं. दर तीन मिनिटांनी, कळा याव्यात तशा.