नालंदा चाळीची हजेरी

जुन्या गाण्याची वाट कशी लावायची, याची देवेश परबकडे पक्की पद्धत होती. आधी गाण्याचा वेग निम्म्यावर आणायचा. ताल काढून टाकायचा. मग पियानोचा एकच सूर, लांबून, थांबत थांबत. त्यावर एखाद्या बाईने कानाशी लागून सांगितल्यासारखं गायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं शेजारच्या खोलीत कुणीतरी वारलंय. मग एकदम शांतता, आणि शांततेच्या पोटात धडाम. एवढं केलं की दहा-बारा वर्षांपूर्वी पोरं ज्याच्यावर गल्लीत उड्या मारत होती तेच रॅप कुठल्याही खुनाच्या मालिकेच्या ट्रेलरला चपखल बसतं. अंधेरीला मरोळच्या बाजूला, एका औद्योगिक वसाहतीतल्या वरच्या गाळ्यात, देवेश गेली चार वर्षं हाच उद्योग करत होता. खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके बनायचे. त्या मशीनचा आवाज स्टुडिओत येऊ नये म्हणून त्याने जमिनीवर दुहेरी रबर अंथरलं होतं, तरी थोडी धडधड पायाला लागायचीच.

त्या मंगळवारी माईकसमोर संघमित्रा तांबे उभी होती, आणि तिचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. गाणं तिचं होतं. तिने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं, घशाच्या शिरा ताणून म्हटलेलं. आज तेच तिला कुजबुजत म्हणायला लावत होते. काचेपलीकडून देवेश दर दोन ओळींनी हाताने खुणावत होता, अजून हळू, अजून हळू. अरे, हळू काय? हे गाणं हळू म्हणण्याचं आहे का?

गाण्याचं नाव 'हजेरी'. विक्रोळीला टेकडीच्या अंगाला नालंदा चाळ आहे. तिथे एका जानेवारीत, दुपारी पाण्याच्या वेळेला, नळावर रांग लागलेली असताना बाजूला टॉवर बांधणाऱ्या टॉवरवाल्याची भिंत पडली. पाऊस नाही, भूकंप नाही, काही नाही. सरळ आडवी झाली. सात माणसं गेली. त्यात संघमित्राचा थोरला भाऊ किरण. आईची कंबर धरली होती म्हणून तिचा हंडा घेऊन तो रांगेत उभा होता.

पण गाणं झालं ते भिंतीमुळे नाही, चौकशीमुळे झालं. चौकशीच्या दिवशी अख्खी चाळ कामधंदा सोडून सरकारी कचेरीत जाऊन बसली. कारकुनाने तक्रारदारांची यादी वाचायला घेतली, आणि यादीत नावं कुणाची, तर मेलेल्यांची. कुणीतरी कुठलातरी कागद चुकीचा जोडला होता. तो आपला वाचत गेला. धोंडिराम. शकू. चंपा. सुजाता. कुंदा. भिकाजी. किरण. चाळ सुन्न होऊन ऐकत राहिली. कुणी ओ दिली नाही, म्हणून त्याने सातांपुढे 'गैरहजर' लिहिलं आणि पुढची तारीख दिली. संघमित्राची आई टेबलाला धरून म्हणत होती, साहेब, परत एकदा वाचा, आम्ही ओ देतो. साहेबांनी फाईल बांधली होती.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात गाणं तयार झालं. कन्नमवार नगरातला देवेश तेव्हा एक लॅपटॉप आणि एक माईक घेऊन फिरायचा. त्याने चाळीतल्या एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या आणि तिचा आवाज घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच नळावर सगळ्या चाळीला उभं केलं. गाण्यात संघमित्रा एकेक नाव घेते आणि मागून चाळ ओरडते, "हजर." सात नावं, सात वेळा हजर. इंटरनेटवर गाणं चढवलं देवेशने, स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या नावाने. तेव्हा कुणाला त्यात काही वाटलं नाही. आता गाण्याचा मालक कागदोपत्री तो होता.

म्हणून एका खुनाच्या मालिकेच्या ट्रेलरसाठी त्याचा फोन आला तेव्हा तिने एकच अट घातली होती. नावं राहिली पाहिजेत. घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रिपोर्टच्या खिडकीवर बसणाऱ्या तिच्यासारख्या बाईच्या हातात दुसरं काय असतं? पण ट्रेलर देशभर दिसणार. टॉवरवाल्याच्या घरातही दिसणार. तिथे त्याच्या दिवाणखान्यात कुणीतरी 'किरण' म्हणणार. देवेशने आईची शपथ घेऊन हो म्हटलं. सकाळी तिने सातही नावं नव्याने रेकॉर्ड करून दिली, आणि त्यांच्यामागे देवेशच्या जुन्या हार्ड डिस्कमधलं चाळीचं 'हजर' जोडलं गेलं.

अडीच वाजता मालिकेच्या कंपनीतून ऋतिका नावाच्या मुलीचा फोन आला. देवेशने तो स्पीकरवर घेतला. ऋतिका गोड बोलत होती. गाणं सगळ्यांना फार आवडलंय, फक्त वकील म्हणतात की खऱ्या मेलेल्या माणसांची नावं नकोत, उद्या कुणी केस टाकेल. नावं उडवा. ते 'हजर' मात्र ठेवा, त्याने काटा येतो अंगावर.

संघमित्रा काचेचं दार ढकलून बाहेर आली. ती काय काय बोलली ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. देवेश खाली बघत ऐकून घेत होता, आणि त्याचं ते ऐकून घेणंच तिला जास्त झोंबत होतं. हा माणूस त्या नळावर उभा होता. याने तिच्या आईच्या हातचं पिठलं खाल्लं होतं.

"मित्रा, ऐक ना," शेवटी तो म्हणाला. "नावं कोण ऐकतंय? लोकांना फील लागतो. नावं गेली तरी गाणं जगेल."

"नावं म्हणजेच गाणं आहे, देवेश."

देवेश वळला. संगणकावर बसलेल्या सुबोधला म्हणाला, उडव.

सुबोध सावंत बोरीवलीचा, पन्नाशीला आलेला, मशीनशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस. पडद्यावर दोन पट्टे होते. वरच्यात संघमित्राची नावं, खालच्यात चाळीचं हजर. त्याने वरचा पट्टा बंद केला आणि गाणं लावलं. पियानो आला, कुजबुज आली, नावाची जागा रिकामी गेली. हजर आलं नाही.

खालच्या पट्ट्यावर हजरची रेघ उभी होती. पडद्यावरचा काटा तिच्यावरून सरकत गेला. स्पीकर गप्प.

सुबोधने वायरी तपासल्या. मग वरचा पट्टा सुरू केला. "धोंडिराम," संघमित्राचा आवाज म्हणाला, आणि मागून चाळ ओरडली, "हजर." वरचा पट्टा बंद केला, हजर बंद. त्याने स्पीकर बदलले, हेडफोन लावले, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. दोन पट्ट्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. एक आज सकाळचा, एक बारा वर्षांपूर्वीचा. तरी तेच.

"नाव घेतलं की ओ देतात," सुबोध म्हणाला. "नाव काढलं की गप्प."

देवेश वैतागला. ऋतिकाला पाच वाजेपर्यंत गाणं द्यायचं होतं. जुनी फाईल सडली असेल, टाकून द्या, हजर नवीन घेऊ, म्हणाला. संघमित्रा जागची हलली नाही. तेव्हा तो आणि सुबोध स्वतःच आत गेले आणि माईकसमोर सात वेळा "हजर" ओरडून आले. सुबोधने चाळीचा पट्टा काढला, त्या जागी हे दोन बाप्यांचे आवाज बसवले, आणि नावांशिवाय गाणं लावलं.

काहीच आलं नाही.

मग कुणी न सांगता, सुबोधने नावं सुरू केली.

"धोंडिराम," संघमित्रा म्हणाली, स्पीकरमधली. उत्तर आलं ते देवेशचं नव्हतं, सुबोधचंही नव्हतं. ओरडणाऱ्या चाळीचंही नव्हतं. एकच म्हातारा आवाज, दम लागलेला. "हजर." मग शकूच्या नावाला एका बाईचा. चंपाचा चिरका. सुजाताचा लाजल्यासारखा. कुंदाला सर्दी होती. भिकाजी जरा उशिराने बोलला, तोंडात तंबाखू असल्यासारखा.

किरणने आधी घसा खाकरला. तो नेहमी खाकरायचा, शाळेतसुद्धा.

संघमित्रा खुर्चीवर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच, पहिल्यापेक्षा दुप्पट. ही माणसं इथे होती. बारा वर्षं एका हार्ड डिस्कमध्ये कुणी नाव घेतंय का याची वाट बघत होती, आणि हा त्यांची नावं उडवायला निघाला होता.

"माका ह्या काय बरा दिसना नाय," सुबोध म्हणाला. तो एरवी मालवणी बोलत नसे.

देवेश हसला. हसणं त्याला नीट जमलं नाही. म्हणाला, सॉफ्टवेअरची भानगड आहे, आवाजाला आवाज जोडतंय कुठेतरी. नाव लागतं ना त्याला? मग कुठलंही द्या. मागाहून काढता येईल. "माझं टाक. मित्रा, तूच बोल, तुझा आवाज जुळेल. म्हण देवेश."

"नको," ती म्हणाली.

"का? फुकट घाबरवू नकोस यार. म्हण."

तिने नाही म्हटलं होतं, हे ती पुढे स्वतःला बऱ्याचदा सांगणार होती. पण तो 'यार' तिच्या डोक्यात गेला. ती उठली, आत गेली, माईकसमोर उभी राहिली. कुजबुजली नाही. त्या कारकुनासारखं, सपाट, मान खाली घालून वाचावं तसं म्हणाली.

"देवेश परब."

"हजर," देवेशचा आवाज म्हणाला.

काचेपलीकडे देवेशचे ओठ मिटलेले होते. स्पीकर त्याच्या डोक्यावर होता. त्याने वर पाहिलं, मग आपल्या गळ्याला हात लावला.

पडद्यावर वरच्या पट्ट्यात, सात नावांपुढे, त्याच्या नावाची आठवी रेघ आली होती.

"उडव ते," देवेश म्हणाला. "माझं नाव उडव आधी."

सुबोधने हात मांडीखाली घेतले. तो उडवणार नव्हता, हे उघड होतं. देवेशने त्याची खुर्ची बाजूला लोटली.

संघमित्रा आतून माईकवर म्हणाली, "देवेश, थांब. उडवू नकोस. नावं उडवल्यावर काय होतं ते बघितलंस ना आत्ता?"

"तुझी नाटकं पुरे झाली," देवेश म्हणाला.

त्याने बटण दाबलं. आठवी रेघ गेली.

देवेश तिच्याकडे वळला आणि काहीतरी बोलला. ओठ हलले. तिला वाटलं काचेमुळे. ती हेडफोन काढून बाहेर आली. एसी ऐकू येत होता. सुबोधची खुर्ची करकरली. खाली खोक्यांचं मशीन चालू होतं. देवेश तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून बोलत होता, आणि त्याच्याकडून काही येत नव्हतं.

त्याने टाळी वाजवली. तळवे एकमेकांवर आपटले.

त्याने टेबलावर मूठ हाणली. चहाचा कप उडून लवंडला. कपाचा आवाज झाला. मुठीचा नाही.

सुबोधने केलेलं मागे घेण्याचं बटण दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा. सातच रेघा. आठवी कधी नव्हतीच, असं मशीन दाखवत होतं. मग सुबोध उठला, भिंतीला पाठ लावून दारापर्यंत गेला आणि निघून गेला. चपला तिथेच राहिल्या.

देवेशने माईककडे बोट केलं. मग स्वतःकडे. नाव घे, परत एकदा घे. त्याने हात जोडले.

तिला कचेरीतलं ते टेबल आठवलं, आणि टेबलाला धरलेले आईचे हात. घेईन, तिने ठरवलं. घेईन, पण आधी नंबराने सात जणांची घेईन. ती संगणकावर बसली. मंद केलेला वेग तिने मूळ वेगावर आणला. सातही नावं जागच्या जागी बसवली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. सात जणांनी ओ दिली. किरणने घसा खाकरला. देवेश समोर हात जोडून शेवटपर्यंत उभा राहिला.

मग ती आत गेली आणि माईकवर नीट, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाली, "देवेश परब."

काही आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ उमटत होती. खालचा पट्टा तिथे कोराच.

टेबलावरचा देवेशचा फोन वाजला. ऋतिका. संघमित्राने बाहेर येऊन तो उचलला आणि स्पीकरवर टाकला. पाच वाजत आलेत, ऋतिका म्हणाली. नावं उडवली ना?

"सात तशीच आहेत," संघमित्रा म्हणाली. तिचा आवाज रागाने थरथरत होता. कुणावरच्या रागाने, ते तिलाही सांगता आलं नसतं. "एक उडवलं."

"एकच? कुणाचं?"

संघमित्राने फोन देवेशसमोर सरकवला. तो दोन्ही हात टेबलावर टेकून फोनवर वाकला. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. त्याने आपलं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याच्या तोंडातली थुंकी फोनच्या काचेवर उडाली.

"हॅलो?" ऋतिका म्हणाली. थोडं थांबली. "कट झाला वाटतं." आणि तिने फोन ठेवला.