चौदा मिलिमीटर

"खाजवू नका हं."

तिने दचकून वर पाहिलं. विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या बाकांवर निदान दहा देशांची मुलं बसली होती. सकाळपासून कानांवर कुठकुठले शब्द पडत होते, आणि त्या गलबल्यातून हे वाक्य थेट तिच्या भाषेत आलं होतं. शेजारी एक उंच मुलगा. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, डोळ्यांत मिश्कील हसू.

"मी आपल्याकडची आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"आत सुई टोचली तेव्हा 'आई गं' ऐकू आलं. म्हटलं, चला, घरचं कुणीतरी आलं."

हसावं की लाजावं तिला कळेना. तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, एवढासा फुगा आला होता आणि त्याच्याभोवती नर्सने निळ्या पेनने गोल काढला होता. परदेशातून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची ही क्षयरोगाची चाचणी व्हायचीच. आज मंगळवार. गुरुवारी नर्स पट्टी लावून सूज मोजणार. सूज नसली तर सुटका. असली तर छातीचा एक्स-रे. आणि दवाखाना 'ठीक' म्हणेपर्यंत कॉम्प्युटरवर तिच्या नावापुढे लाल कुलूप. एकाही वर्गात नाव घालता येत नव्हतं. नावनोंदणी शुक्रवारी चार वाजता बंद. मग वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे... परतीचं विमान.

"घाबरलात?"

"छे!"

"मग पाय का हलतोय?"

तिने गुडघ्यावर हात दाबला. "सवय आहे."

"मलाही आहे. घाबरलो की हलतो," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि ती नको नको म्हणताना हसली.

पण त्याला काय सांगणार? तिची खरी भीती हातावर नव्हतीच, ती कागदावर होती. चाचणीआधीच्या फॉर्मवर प्रश्न होता: घरात कुणाला हा आजार झाला होता का? ती नऊ वर्षांची असताना मामा सहा महिने त्यांच्या आतल्या खोलीत होता. खोकायचा, तेव्हा भिंतीपलीकडे ती पांघरूण कानांवर ओढायची. मामा बरा होऊन जमाना झाला. पण काल फोनवर आई म्हणाली, "नाही म्हणून टाक. मामाच्या मुलीचं लग्न जुळतंय, उगाच कुठे बोभाटा नको." आणि तिने 'नाही'वर खूण केली. बरोबरची खूण, चुकीच्या चौकटीत.

बुधवारी सकाळी फुगा जिरला होता, पण त्याच्या जागी लाल गाठ वर आली होती. तिची रूममेट हसरी, बडबडी. तिच्या देशाचं नावसुद्धा हिने इथे येईपर्यंत फक्त नकाशात वाचलेलं. रूममेटने सहज हिचा कप उचलून दोन घोट घेतले.

"अगं, उष्टा आहे!"

"मग काय झालं? आम्ही सात बहिणी एका कपात प्यायचो!"

रूममेट गेल्यावर तिने तो कप कढत पाण्याने तीनदा धुतला. मग लक्षात आलं, घोट तर पोटात गेले. आता धुऊन काय उपयोग? खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं तिचं झालं होतं. घसा साफ केला तरी वाटे, हाच तो खोकला.

दुपारी ग्रंथालयात गेली, तर छपाईयंत्राच्या टेबलामागे तोच. दुसऱ्या वर्षाला होता, तासांनंतर इथे काम करायचा. तिला पाहताच यंत्राला कागद भरवायचा सोडून आला.

"दाखवा पाहू हात."

"नको. हात दाखवून अवलक्षण."

"अहो, मी ज्योतिषी नाही, शेजारी आहे!" म्हणत त्याने खुर्ची ओढली.

ती उठली आणि दोन खुर्च्या सोडून बसली. तो एक खुर्ची सरकला. ती आणखी एक.

"माझ्या अंगाला वास येतो का?"

"नाही हो!"

"मग?"

"मला... सर्दी झालीये."

"मी सर्दीला घाबरत नाही."

किती साधेपणाने म्हणाला तो! खिडकीतून आलेलं ऊन त्याच्या खांद्यावर पडलं होतं आणि तिला फार, फार वाटलं की सरकावं जवळ, बोलावं पोटभर. नेमक्या त्याच क्षणी तिच्या घशात खवखवलं. आपला श्वास याच्यापर्यंत पोचत असेल का? तिने ओठ घट्ट मिटले, पिशवी उचलली आणि मागे न पाहता चालू लागली. पाहिलं असतं, तर त्याचं हसू मावळलेलं दिसलं असतं. न पाहताही दिसलंच म्हणा.

गुरुवारी नर्सने चष्मा नाकावर सारला, तिचा हात उजेडाकडे वळवला आणि गाठीच्या कडांवर बोट फिरवलं. मग छोटी पारदर्शक पट्टी टेकवली.

"चौदा मिलिमीटर."

"म्हणजे... आहे?"

"म्हणजे एक्स-रे काढायचा. घरात कुणाला नव्हता ना? तू नाही लिहिलंयस."

नर्सने फॉर्म समोर धरला. 'होता' म्हटलं तर खोटारडी ठरणार. खोटं लिहिणाऱ्यांना ठेवतात का इथे? 'नव्हता' म्हटलं तर ही बाई मान हलवून पुढे जाईल. किती सोपं! पण सात बहिणींची ती रूममेट... आणि तो, एक एक खुर्ची सरकत येणारा...

"होता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माझ्या मामाला. मी लहान होते. मी... घाबरून नाही लिहिलं."

नर्सने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. जुनी खूण खोडली, शेजारी नवी केली, खाली सही करायला लावली. "बरं केलंस सांगितलंस. डॉक्टरांना हे ठाऊक हवंच. एक्स-रे आत्ताच काढून घे, निकालाला उद्या दुपारी ये." दार उघडताना पुढे म्हणाली, "कुलपाचं उद्याच ठरेल. आज काही सांगू शकत नाही."

एक्स-रे काढून ती बाहेर आली तर पायरीवर तो. हातात दवाखान्यातल्या औषधांची कागदी पुडी.

"तुम्ही इथे का?" ती दोन पावलं मागे सरली. "जवळ येऊ नका. ऐका आधी. चौदा मिलिमीटर आलंय. माझ्या मामाला होता. मी खोटं लिहिलं होतं, आत्ता खरं सांगून आले. मला सर्दी वगैरे काही नाही... आता जा तुम्ही."

तो गेला नाही. बराच वेळ पुडीची घडी उलगडत, पुन्हा घालत राहिला.

"माझं सतरा आलं होतं," तो हळूच म्हणाला. "गेल्या वर्षी. एक्स-रे स्वच्छ होता. पण अंगात जंतू झोपलेला असतो म्हणे; तो उठू नये म्हणून गोळ्या; मी त्या टाळत टाळत या उन्हाळ्यात सुरू केल्या. त्याच न्यायला येतो इथे. मंगळवारीही त्यासाठीच आलो होतो, पण तेव्हा संपल्या होत्या. कुणाला लागत नाही हे. डॉक्टरांनी दहादा सांगितलंय, मीच दहादा विचारलंय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही दोन खुर्च्या लांब बसलात. सांगितलं असतं तर दुसऱ्या इमारतीत जाऊन बसला असतात."

"मी तुमच्यासाठी लांब बसले होते!" ती जवळजवळ ओरडलीच. मग आपण काय बोललो ते कळून कानशिलांपर्यंत तापली.

"माझ्यासाठी?"

"म्हणजे... सगळ्यांसाठी."

"बरं, सगळ्यांसाठी," तो म्हणाला. पण हसू काही लपेना. "उद्या एकटी येऊ नकोस. मी येतो."

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, हे तिला खोलीवर पोचल्यावर कळलं.

शुक्रवार. बारा, एक, दोन. डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकले होते. अडीच वाजले तेव्हा तिने नकळत त्याची बाही मुठीत धरली होती आणि ती तशीच राहिली. समोरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, आणि दोघंही पाहत होते.

"पाठवलंच परत तर?" ती पुटपुटली.

"तर मी..." तो अडला. थट्टा सुचेना त्याला. "मलाही भीती वाटतेय. काल रात्री कळलं, कशाची ते. तू जाण्याची."

ती काही बोलणार, तोच दार उघडलं.

छाती स्वच्छ होती. चार महिने रोज गोळी, महिन्याला एकदा तपासणी, बस्स. नर्सने कॉम्प्युटरवर दोन कळा दाबल्या आणि कुलूप गेलं. तिथून दोघं ग्रंथालयापर्यंत पळत सुटले. तीन वाजून एकावन्न मिनिटांनी तिचं नाव शेवटच्या वर्गात चढलं. सकाळी आठचा तास, सगळ्यांनी टाळलेला. तिला तो सोन्याहून प्यारा वाटला.

मग तिने आईला फोन लावला आणि मामाचं खरं सांगितल्याचं बोलून टाकलं.

"सांगितलंस?" आई जवळजवळ किंचाळलीच. "अगं वेडे, परत धाडतील ना!"

"नाही धाडणार. नाव लागलं वर्गात. छाती ठीक आहे. गोळ्या घ्यायच्या फक्त."

पलीकडे आईने नाक ओढलं. मग आईचा आवाज आला, बारीक, ओला. "मीच तुला त्याच्या खोलीत चहा घेऊन पाठवायचे गं. हातात कामं असायची... इतकी वर्षं रोज तुझं कपाळ चाचपलंय मी, कळलं का तुला कधी?"

तिला काही कळलं नव्हतं. आत्ता कळलं. "आई, रडू नको ना."

"नाही रडत. तिथे एकटी आहेस म्हणून जीव टांगणीला लागतो. जवळ कुणी आहे का तुझ्या?"

तिने शेजारी पाहिलं. तो उगाचच छपाईयंत्राकडे बघत होता, कान मात्र लाल.

"आहे," ती म्हणाली.

"रूममेट का?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! एक शब्द फक्त. तिने दीर्घ श्वास घेतला.

"नाही आई. एक मुलगा आहे. चांगला आहे. मला... आवडतो."

शेजारी कागदांचा गठ्ठा खाली पडला. आणि फोनमध्ये आईचा तो जुना, ठणठणीत, दम देणारा आवाज:

"थांब. मी डोळे पुसते आधी. मग पहिल्यापासून सांग, आणि काही गाळायचं नाही!"