रिकाम्या खोलीचं मोजमाप

लॅबसाठी नवी यंत्रसामग्री निवडायचं काम बाईंकडे होतं. दोन कंपन्यांनी रेडिओलहरी मोजणारं आपापलं यंत्र चार दिवस वापरायला दिलं होतं, सोबत सिम्युलेशनचं सॉफ्टवेअरही. बाई या कामात वीस वर्षं मुरलेल्या. विक्रेत्यांच्या गोड बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दोन्ही यंत्रं आधी मुक्या खोलीत लावायची, असं त्यांनी ठरवलं.

मुकी खोली म्हणजे सगळीकडून पत्र्यानं मढवलेली, आतून काळ्या फोमचे सुळके लावलेली खोली. तिचं जाड दार लागलं की बाहेरची एकही लहर आत शिरत नसे. अँटेना आत ठेवायचा आणि बाहेर टेबलाशी बसून यंत्राचा पडदा बघायचा. खोली रिकामी असली की पडद्यावर सपाट रेघ.

पहिल्या यंत्रावर ती सपाट नव्हती. मधोमध एक छोटा उंचवटा सावकाश वर यायचा, सावकाश खाली बसायचा. कुणीतरी गाढ झोपेत श्वास घ्यावा तसा.

यंत्रातच खोट असणार, असं म्हणत बाईंनी दुसरं लावलं. त्यावरही तेच. मग त्यांनी आणि भाऊंनी, म्हणजे लॅबच्या जुन्या तंत्रज्ञांनी, आतले दिवे काढले, वायरी बदलल्या, दाराच्या फटी तपासल्या. दुपार त्यातच गेली. उंचवटा जागचा हलला नाही.

मोजलेले आकडे दिले, की खोलीत कुठे काय आहे याचा अंदाज सॉफ्टवेअर बांधून देई. बाईंनी आकडे भरले. पहिल्या सॉफ्टवेअरनं डावीकडच्या कोपऱ्यात एक उभा आकार काढला. साडेपाच फूट उंच, बराचसा पाण्याचा, माणसाचं शरीर असतं तसा. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनंही तोच आकार काढला, फक्त दाराकडे हातभर सरकलेला.

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. आज इथेच थांबू, असं त्या म्हणाल्या. पण भाऊंचा स्वभाव अर्धवट काम सोडायचा नव्हता. अँटेना हातानं फिरवून बघतो म्हणत ते आत गेले. दार लागलं.

थोड्या वेळानं इंटरकॉमवर त्यांचा आवाज आला. "मॅडम, तुम्ही आत आलात का?"

"नाही, भाऊ. मी बाहेरच आहे."



"बरं," भाऊ हळूच म्हणाले.

पडद्यावर आता दोन उंचवटे होते. एकमेकांना अगदी खेटून.

बाईंनी धावत जाऊन दार ओढलं. भाऊ बाहेर आले. चेहरा शांत, नजर खाली.

भाऊंनी दार लगेच सोडलं नाही. मागून येणाऱ्यासाठी धरावं तसं ते क्षणभर धरून ठेवलं, किंचित बाजूला सरले, आणि मग लोटलं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. रेघ सपाट झाली होती.