एकशे साठचा भाव

सेंगदुआन मावशी सापडली ती चुलीपुढं पालथी पडलेली. डोक्यामागं रक्त साकळलं होतं. चिकट भाताची टोपली उघडीच होती, घासही मोडलेला नव्हता.

उपनिरीक्षक लात्सामी खाली वाकली. सावन्नाखेतच्या बाजारात थायलंडचे बाथ घेऊन लाओसचे किप देणाऱ्या बायकांत ही सगळ्यांत जुनी. कमरेची पिशवी रिकामी होती. शेजारी पाण्याचं भांडं, आणि त्यातलं पाणी जांभळट.

"हे पाणी असं का, साहेब?"

"कापड रंगवत असेल," तिचे वरिष्ठ, मेजर बुनथान, दारातूनच म्हणाले.

"घरात माग नाही, सूतही नाही."

"तू खुनी शोध. सूत नंतर शोधू."

खुनी मेजरनी स्वतःच शोधला. संध्याकाळ व्हायच्या आत फेतसामोन कोठडीत होती. तीही बाजारात पैसेच बदलायची. त्या सकाळी तिचं मावशीशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते साऱ्या बाजारानं ऐकलं होतं.

लात्सामी तिच्यासमोर बसली.

"काय म्हणालीस तिला?"

"थेरडे, गळा दाबीन तुझा, म्हणाले."

"का?"

"मी बाथला एकशे पासष्ट द्यायला लागले. ही म्हणाली, पलीकडून बातमी येईपर्यंत एकशे साठच्या वर कुणी जायचं नाही. माझी दोन गिऱ्हाइकं परत फिरली."

"मग?"

"मग काय! आले गुमान एकशे साठवर. तिच्यापुढं कुणाची टाप होती?" फेतसामोननं नाक ओढलं. "दुपारच्या बोटीनं नदीपलीकडच्या मुकदाहानहून बातमी आली, किप कोसळला म्हणून. तेव्हा तिनंच उठून सांगितलं, आता एकशे ऐंशी. आणि जेवायला घरी गेली."

"कबूल केलंस तर शिक्षा कमी होईल, असं मेजर म्हणतात."

"त्यांना म्हणावं, तुम्हीच करा कबूल. मी मारलं असतं तर भर बाजारात, चार माणसांदेखत मारलं असतं. जेवायला बसलेल्या बाईच्या मागून नाही."

लात्सामीला हसू येता येता राहिलं. ही बाई खोटं बोलत नव्हती. पण मग पाणी मुरत होतं कुठं?

दोन दिवसांनी कानावर आलं, की नदीकाठच्या लाकूड गिरणीत मजुरांना पगार वाटताहेत आणि नोटांची बंडलं पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली आहेत. पिवळा दोरा म्हणजे मावशीचा. देवळातून मनगटाला बांधून आणलेला दोरा तोडून ती बंडलांना गुंडाळायची. म्हणायची, पैशालाही आशीर्वाद लागतो.

गिरणीचा मालक विएंगखाम. मेजरचा सख्खा मेहुणा. त्यानं लात्सामीला खुर्ची दिली, थंडगार नारळ दिला.

"हे किप कुठून आणलेत?"

"मावशीकडूनच की! बिचारी. त्या दिवशी पहाटे तिच्या घरी गेलो, पैसे बदलले आणि पहिली बोट धरून पलीकडं गेलो. आलो ते शेवटच्या बोटीनं. परवान्यावर दोन्ही शिक्के आहेत, बघा."

शिक्के खरे होते.

"किती बदललेत?"

"दहा हजार बाथ. अठरा लाख किप आले."

"घासाघीस नाही केलीत?"

"तिच्याशी घासाघीस?" तो हसला. "ती सांगेल तो भाव."

लात्सामीनं नारळ न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं विएंगखामला ठाण्यावर बोलावलं. मेजर पंख्याखाली बसले होते. फेतसामोनला कोठडीतून आणून उभं केलं होतं.

"साहेब, खून हिनं केला नाही. यांनी केला."

"जिभेला आवर, लात्सामी! तो दिवसभर मुकदाहानला होता."

"असं ते म्हणतात. पण पहाटे दहा हजार बाथचे अठरा लाख किप आले, असंही म्हणतात. म्हणजे बाथला एकशे ऐंशी. त्या दिवशी दुपारपर्यंत बाजारात एकशे साठ होता. पहाटे गेले असते तर सोळा लाख मिळाले असते. एकशे ऐंशी मावशीच्या तोंडून निघाला तो दुपारच्या बोटीनंतर. यांनी तिच्याकडून पैसे घेतले ते त्यानंतर."

विएंगखामच्या चेहऱ्यावरचं हसू जरा विरलं. मेजर मात्र खुर्चीत रेलले.

"त्या दिवशी बँकेचा भाव एकशे चाळीस होता. सकाळी तोच, संध्याकाळी तोच. सरकारला दुसरा भाव माहीत नाही. रस्त्यावर पैसे बदलणं गुन्हा आहे. तुझा एकशे साठ सांगणार कोण? जी सांगेल, ती स्वतःचाच गुन्हा कबूल करील."

"मी सांगते," फेतसामोन म्हणाली.

"आरोपीची साक्ष?"

लात्सामीनं दार उघडलं. व्हरांड्यात बाजारातल्या साऱ्या बायका मांड्या घालून बसल्या होत्या. सकाळीच ती प्रत्येकीला म्हणाली होती, की बोललात तर तुमचा धंदा जाईल, कदाचित तुरुंगही होईल; मी वाचवू शकणार नाही. तरी आल्या होत्या.

सगळ्यांत पुढची, पान चघळणारी म्हातारी उठली.

"मी रस्त्यावर पैसे बदलते. त्या सकाळी एकशे साठनं दिले. लिहा माझं नाव."

"मीही एकशे साठनंच."

"मी पण. लिहा, साहेब, हात का थांबला?"

एकेक बाई उठत गेली. कारकून लिहीत गेला. मेजरना कुणाकडं बघावं कळेना.

"आता पाण्याचं सांगते," लात्सामी म्हणाली. "पाचशे बाथची नोट जांभळी असते. खरी नोट भिजली तरी रंग सोडत नाही. मावशीनं यांच्या नोटा पाण्यात चोळल्या आणि पाणी जांभळं झालं. विएंगखामसाहेब पहिल्या बोटीनं गेले ते खोट्या नोटा आणायला. जकातीवर तपासणी होते, म्हणून परत आले ते गिरणीच्या स्वतःच्या होडीनं. मावशीनं किप मोजून दिले, मग नोटांची परीक्षा केली. यांनी डोक्यात घाव घातला, किप आणि नोटा उचलल्या आणि पुन्हा पलीकडं गेले, शेवटच्या बोटीचा शिक्का घ्यायला."

"सगळा तर्क!" विएंगखाम ओरडला. "एक नोट भिजवली तिनं, तेवढ्यावर मला..."

तो थबकला.

"एकच भिजवली, हे मी म्हटलं नव्हतं," लात्सामी शांतपणे म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत?"

विएंगखाम मेजरकडं वळला. "ती चव्हाट्यावर सांगणार होती! मी म्हटलं, दुप्पट देतो, गप्प बस. तर म्हातारी हसली माझ्या तोंडावर. म्हणाली, माझ्या बाजारात खोटी नोट चालायची नाही. तुमचं नाव गेलं असतं, भावोजी!"

मेजर टोपी उचलून आतल्या खोलीत गेले. त्याच दुपारी होडीच्या फळीखाली उरलेल्या खोट्या नोटा सापडल्या.

महिन्याभरात लात्सामीची बदली डोंगरातल्या चौकीवर झाली. साक्ष देणाऱ्या बायकांना दंड झाला आणि बाजारात पहारा बसला. निघायच्या दिवशी ती बसथांब्याकडं जाताना मुद्दाम बाजारातून गेली. मावशीच्या जागी फेतसामोन बसली होती, पहारेकऱ्यापासून दोन हातांवर.

"ए बाई," पहारेकरी खेकसला, "बंदी आहे, माहीत नाही?"

"माहीत आहे. साहेबांना माझं नाव पण माहीत आहे." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली आणि बोटीवरून उतरणाऱ्या माणसांना ऐकू जाईल असा आवाज लावला, "बाथला एकशे नव्वद! या, एकशे नव्वद!"