आर्सेनलचे चौऱ्याऐंशी गुण

बहारीनमध्ये, बुसैतीनमधल्या त्याच फ्लॅटमधून तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हा मर्विन वैतागलाच. हॉटेलच्या सिक्युरिटीतून निवृत्त झाला तरी शेजाऱ्यांच्या चोऱ्या त्याच्याच गळ्यात पडत.

"वही बदललीय, मर्विन," रहिमतुल्लाचाचा म्हणाले. "घरात कुणी ऐकत नाही."

वही चाचांच्या वडिलांची. बंदरावर कारकून असताना, बोटीने येणाऱ्या वर्तमानपत्रांतून त्यांनी १९३३-३४चा इंग्लिश फुटबॉल लीगचा अख्खा हंगाम तीत उतरवला होता. चाचा ती रोज वाचत. पंधरा दिवसांपूर्वी ते म्हणाले, ही ती नव्हे. घरच्यांनी ठरवलं, म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं. आता शुक्रवारी त्यांना कायमचं रत्नागिरीला धाडणार होते, पगारी माणसाच्या भरवशावर.

मर्विनने जाऊन वही चाळली. जुना कागद, कुणीही गिरवावीत अशी छापील वळणाची अक्षरं. पहिल्या नंबरावर आर्सेनल: बेचाळीस सामने, पंचवीस जिंकले, नऊ बरोबरीत, आठ हरले, गुण चौऱ्याऐंशी.

"एकोणसाठ होते," चाचा हट्टाने म्हणाले.

मुलगा अझहर कंटाळून हिशेब सांगू लागला. पंचवीस त्रिक पंचाहत्तर, अधिक नऊ. अब्बांना आता साधी बेरीजही जमत नाही, अंकल. मर्विनने मनात ताळा केला. चौऱ्याऐंशी बरोबर होते. त्याला चाचांची कीव आली आणि स्वतःचा संताप. या चौकशीत दोन दिवस फुकट गेले.

गुरुवारी सकाळी दाढी करताना त्याचा हात थांबला. तो तसाच पुन्हा चाचांकडे गेला. आधी सुनेला, मेहरीनला विचारलं.

"मॅच जिंकली की किती गुण?"

"मला काय माहीत? एक असेल."

मग अझहरला.

"तीन. हे लहान पोरालाही ठाऊक असतं, अंकल."

"पोराला असतं. तुझ्या आजोबांना नव्हतं." मर्विनने वही टेबलावर ठेवली. "इंग्लंडमध्ये १९८१पर्यंत विजयाला दोनच गुण मिळत. पंचवीस दुणे पन्नास, अधिक नऊ. एकोणसाठ. चाचांना सगळं आठवतंय. ही वही आजच्या नियमाने गुण मोजणाऱ्याने लिहिलीय. मेहरीनला नियमच ठाऊक नाही. घरात उरलास तू."

अझहरने सगळं कबूल केलं. एसीचं पाणी कपाटात गळलं, वही भिजली, गुणांचा रकाना पार धुऊन गेला. अब्बा काय म्हणतील या धास्तीने त्याने आजोबांच्याच एका कोऱ्या वहीत सगळं उतरवलं आणि गुण स्वतः मांडले. अब्बांनी लगेच ओळखलं, तेव्हा खरं सांगायचं तोंड उरलं नाही.

"वही भिजली असं सांगितलं असतंस तर मी दोन दिवस बोललो नसतो, एवढंच," चाचा म्हणाले. "पंधरा दिवस तू मला वेडा ठरवलंस. रोज सकाळी उठून मी तुझ्या आईचं नाव आठवतंय का ते बघत होतो."

"तिकीट कॅन्सल करतो, अब्बा."

"नको. मी जाणार. तो पगारी माणूस तेवढा कॅन्सल कर."